उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि फिरते चक्र

तंजावरात राहणाऱ्या मराठी माणसाला पूर्वजांचे स्मरण मुद्दाम करावे लागत नाही. ते आपोआप घडते. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. सरस्वती महालात मोडीची दफ्तरे आहेत. व्यंकोजीराजांपासून सरफोजीराजांपर्यंतची नावे आपल्या प्रत्येक समारंभात आदराने घेतली जातात, आणि ते उचितच आहे. तथापि मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेखणी हाती घेताना राजदरबाराबाहेरच्या एका मराठी पुरुषाचे चरित्र सांगावे असे आम्हांस वाटले. हा पुरुष सिंहासनावर बसला नाही, रणांगणावर लढला नाही, ग्रंथकार म्हणूनही गाजला नाही. त्याने ओतशाळा घातली, लोखंडाला आकार दिला आणि तो आकार बिनचूक यावा म्हणून सारे आयुष्य वेचले. त्यांचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

तंजावरच्या वाचकाला त्यांची आठवण करून देण्यास एक विशेष कारण आहे. कावेरीचा हा खोऱ्याचा प्रदेश पाण्याचा लाडका म्हणून ओळखला जातो. कल्लणैचा प्राचीन बंधारा आणि १९३४ साली पुरे झालेले मेट्टूरचे धरण यांच्या भरवशावर येथील कुरुवै आणि सांबा ही भातपिके उभी राहतात. मेट्टूरचे पाणी १२ जूनला सोडण्याचा परिपाठ आहे. पण पाऊस रुसला, धरण भरले नाही की हा दिवस पुढे जातो आणि मग शेतकऱ्याचे डोळे विहिरीकडे व कूपनलिकेकडे वळतात. तेथे त्याला तारतो तो शेताच्या कडेला बसविलेला पंप. ओतीव लोखंडाच्या त्या गोल पेटीच्या आत एक लहानसे चक्र फिरत असते. पाणी चक्राच्या मध्यावर येते, वेगाने बाहेर फेकले जाते आणि नळीतून वर चढते. असे पंप आपल्या देशातच घडवावेत यासाठी ज्यांनी फार लवकर कंबर कसली, त्यांत लक्ष्मणरावांची गणना होते. आमचे शिक्षण बी. ए. पर्यंतचे, यंत्रशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु केंद्र सरकारच्या चाकरीत निरनिराळ्या प्रांतांत हिंडताना जे पाहिले, वाचले आणि जाणकारांकडून समजून घेतले, त्याच्या आधारे हा चरित्रपट मांडीत आहोत.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. घराणे विद्याव्यासंगी, वडील वेदान्ताचे अभ्यासक. शालेय पुस्तकांत मात्र या मुलाचे मन रमेना. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता : चित्रे काढणे आणि हाती लागेल ती यांत्रिक वस्तू उघडून पाहणे. वडील बंधू रामचंद्र, म्हणजेच रामूअण्णा, यांनी धाकट्या भावाचा कल ओळखला आणि पैशाचा भार उचलून १८८५ साली त्यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडले. तेथे दैवाने पहिला टोला दिला. लक्ष्मणरावांना काही रंगांतला भेद ओळखता येत नसे. चित्रकाराला याहून मोठा अडथळा कोणता असणार?

येथे दुसरा एखादा तरुण निराश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडला, पण रेषा सोडली नाही. त्यांनी यंत्ररेखनाचा अभ्यास केला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते त्याच विषयाचे शिक्षक झाले. कोणताही यंत्रभाग आधी कागदावर तीन बाजूंनी काढावा लागतो. प्रत्येक रेषेला माप असते, आणि ते माप चुकले तर पुढे ओतलेला, कातलेला भाग आपल्या जागी बसत नाही. हे शिकवीत असताना संस्थेच्या कर्मशाळेतील यंत्रे त्यांना रोज हाताळावयास मिळाली. रंग न दिसणाऱ्या चित्रकाराला मापाची दृष्टी लाभली. त्यांच्या पुढील साऱ्या कर्तृत्वाचे मूळ आम्हांस याच काळात दिसते.

नोकरी पगाराची होती, प्रतिष्ठेची होती. तथापि बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला ती देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. आमच्यासारख्या सरकारी चाकराला या राजीनाम्याचे वजन चटकन कळते. बढती हुकली म्हणजे आपण अर्ज करतो, वरिष्ठांकडे दाद मागतो, फार तर चार दिवस अबोला धरतो. महिन्याच्या पगाराचा दरवाजा आपल्या हातांनी लावून घेणे, ही गोष्ट निराळी.

बेळगावात रामूअण्णांच्या सोबतीने सायकलींचा व्यापार १८८८ पासूनच सुरू झाला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, रामूअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पाटी त्याच दुकानावर प्रथम लागली. परंतु दुसऱ्याने केलेली वस्तू विकून लक्ष्मणरावांचे समाधान होईना. मुंबई सोडून आल्यावर त्यांनी बेळगावात लहानसा कारखाना घातला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर.

त्या नांगराची कथा मराठी घराघरांत सांगितली गेली आहे. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर तयार होऊन पडून राहिले; पहिले मोजके नांगर खपावयास दोन वर्षांच्या आसपास काळ गेला. कथेचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि तो अधिक मोलाचा आहे. नांगर विकले जाऊ लागले तेव्हा त्यांचे फाळ मऊ निघाले. कठीण जमिनीत ते झिजू लागले, मोडू लागले. आता दोष शेतकऱ्याच्या समजुतीत नव्हता, मालात होता. लक्ष्मणरावांनी तो गिऱ्हाइकाच्या माथी मारला नाही. फाळ कठीण कसा ओतावा याचा त्यांनी अभ्यास केला, प्रयोग केले आणि सुधारलेला माल दिला. कारखानदाराला आपल्या वस्तूची खरी परीक्षा शेतातच होते हे उमगले, की त्याची प्रगती कोणी रोखू शकत नाही.

कारखाना मूळ धरीत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी ती जागा हवी झाली. यंत्रे उचलावयाची कोठे? या अडचणीत औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. हे राजे स्वतः उत्तम चित्रकार आणि गुणग्राहक. त्यांनी कुंडल गावाजवळ माळरान दिले, दहा हजार रुपये बिनव्याजी दिले, आणि १० मार्च १९१० रोजी तेथे नव्या वसाहतीचा पाया पडला. निवडुंगाने माजलेली आणि सर्पांनी भरलेली ती ओसाड जमीन पाहून कोणालाही उत्साह वाटला नसता. लक्ष्मणरावांनी तेथे घरे बांधली, झाडे लावली, शाळा आणली आणि कारखाना उभा केला. कालांतराने रेल्वेच्या स्थानकालाही किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. आपणांपैकी कित्येकांची घरे चार पिढ्यांपूर्वी, कित्येकांची चार वर्षांपूर्वी मूळ गाव सोडून येथे आली आहेत. उठवले गेल्यावर नवे गाव वसविता येते, आणि ते पहिल्याहून चांगले वसविता येते, हा दिलासा या हकिगतीत आहे.

वाडीवरची माणसे हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांच्यासारखे सहकारी लक्ष्मणरावांनी पदव्या पाहून निवडले नाहीत. हातातले काम आणि मनातली चिकाटी पाहिली. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्यावर समाज विश्वास टाकावयास तयार नव्हता त्यांच्या हाती कारखान्याच्या किल्ल्या सोपविल्या, आणि तो विश्वास वाया गेला नाही.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा मोडीत निघालेले लोखंड गोळा करून ओतशाळा चालू ठेवण्यात आली. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्याची हकिगत प्रसिद्ध आहे. युद्धासाठी ओतलेल्या धातूचे नांगर झाले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले; ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या मासिकांनी पुढे मराठी घरांना किती सोबत केली हे जुन्या वाचकांना सांगावयास नको.

आता आपण त्या फिरत्या चक्राकडे येऊ. १९२२ साली मुलगा शंतनू आणि पुतण्या माधव यांना लक्ष्मणरावांनी शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविले. माधवाचा क्षयाने बळी घेतला. शंतनुराव मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेतून पदवी घेऊन १९२६ साली परतले. त्याच सुमारास वाडीवर पंपांच्या निर्मितीला हात घातला गेला, आणि पाठोपाठ तेलावर चालणाऱ्या एंजिनांचाही विचार सुरू झाला. नांगर आणि पंप यांत एक मोठे अंतर आहे. नांगर थोडा ओबडधोबड असला तरी चालतो. जमीन त्याला सांभाळून घेते. फिरणारे यंत्र मात्र कोणाला सांभाळून घेत नाही.

याचे कारण साध्या शब्दांत असे. पंपाचे चक्र आणि त्याभोवतीचे कवच यांच्यामध्ये फट ठेवावीच लागते, नाहीतर चक्र घासेल. पण फट वाजवीपेक्षा मोठी झाली की वर चढविलेले पाणी मागच्या मागे पुन्हा शोषणाच्या बाजूला घसरते. शेतकऱ्याला बाहेरून काहीच कळत नाही. एंजिन धडधडत असते, तेल जळत असते, पाटात मात्र पाणी कमी येते. म्हणून चांगल्या पंपात या जागी बदलता येण्याजोगे कडे बसविलेले असते. झिजले की नवे घालावयाचे. दुसरी गोष्ट शोषणाची. वातावरणाचा दाब पाण्याला फार तर दहा मीटरपर्यंत वर ढकलू शकतो, आणि व्यवहारात सहा-सात मीटरच्या पुढे पंप कुरकुर करू लागतो. पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात, ते चक्राच्या पात्यांवर फुटतात आणि लोखंडाला खड्डे पडतात. तिसरी गोष्ट जोडीची. एंजिनाचा वेग आणि पंपाची गरज यांचा मेळ नसेल तर दोन्ही यंत्रे चांगली असूनही संच वाईट ठरतो. ओतकाम नितळ हवे, दांडा सरळ हवा, चक्र तोलून घेतलेले हवे. हे सारे मुळात यंत्ररेखनाच्या त्या रेषेवर येऊन ठेपते.

वाचकांपैकी जे अभियंते आहेत ते म्हणतील की पाण्याचा पंप आणि हवेचा दाबयंत्र म्हणजे कंप्रेसर ही एकाच घराण्यातील भावंडे आहेत. तसेच आहे. फक्त हवा पाण्याहून सुमारे आठशे पट हलकी असल्याने तिला दाबणाऱ्या चक्राला फार मोठा वेग लागतो. शेतातला पंप मिनिटाला दीड ते तीन हजार फेरे घेतो. मोटारगाडीच्या एंजिनावर बसणारे लहान टर्बो चक्र लाखाच्याही पुढे जाते. एक किलो डिझेल पुरते जाळावयास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. एंजिन तेवढ्याच आकाराचे ठेवून शक्ती वाढवावयाची असेल तर त्यात अधिक हवा कोंबली पाहिजे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली पेटंट घेऊन मार्ग दाखविला : एंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवावयाचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून आत पाठवावयाची.

या यंत्राची कार्यक्षमता वाढविण्याचे उपाय पाहिले तर पंपाचीच शिकवण पुन्हा भेटते. चक्र आणि कवच यांतील फट शक्य तितकी सूक्ष्म करावयाची, कारण तेथून दाबलेली हवा परत निसटते. स्क्रूसारख्या दोन दांड्यांमध्ये हवा दाबणारी यंत्रे असतात, त्यांतही हीच फट निर्णायक ठरते. दाबताना हवा तापते आणि तापलेली हवा फुगते, म्हणून ती एंजिनात जाण्यापूर्वी थंड करून घ्यावयाची. आणि पुन्हा जोडीचा प्रश्न : चक्र एंजिनाला फार मोठे झाले तर कमी प्रवाहात हवा उलटी फिरून यंत्राला हादरे बसतात, फार लहान झाले तर ऐन भाराच्या वेळी दम तुटतो. जगभरचे अभियंते आजही याच प्रश्नांवर काम करीत आहेत. मापाचे एकक मात्र बदलले. मिलिमीटरच्या दशांशांची जागा शतांशांनी घेतली.

हे सारे लक्ष्मणरावांनी शोधून काढले असे म्हणणे त्यांच्यावरच अन्याय करणारे होईल. त्यांनी केले ते याहून पायाभूत काम होते. जेथे लोहाराच्या भात्यापलीकडे यंत्रविद्या पोहोचली नव्हती अशा माळावर त्यांनी मापाची शिस्त रुजविली. त्या शिस्तीला पुढे फांद्या फुटल्या. १९४१ साली हरिहर येथे लेथ घडविणारा कारखाना निघाला. १९४६ साली बंगळूरला विजेच्या मोटारींचा आणि पुण्यास खडकी येथे तेलएंजिनांचा. हवा दाबणारी यंत्रे करणारी किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी १९५८ साली पुण्यात स्थापन झाली. ती पाहावयास लक्ष्मणराव नव्हते. पंप, त्याला फिरविणारी मोटार आणि एंजिन, त्यांचे भाग कातणारा लेथ आणि शेवटी कंप्रेसर, असा हा वंशवृक्ष आहे. त्याचे बीज वाडीच्या ओतशाळेत पडले होते.

उतारवयात त्यांना एक घोर आघात सोसावा लागला. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटविण्यात आला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. अडतीस वर्षे जपलेले नमुने आणि साचे म्हणजे कारखान्याची स्मृती. ती आगीत सापडली. पण जे हातांत आणि डोळ्यांत भिनले होते ते जळण्यासारखे नव्हते. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि पंप पुन्हा बाहेर पडू लागले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

तंजावरच्या मराठी समाजाने या चरित्रातून काय घ्यावे? आपले पूर्वज येथे तलवार आणि लेखणी घेऊन आले. सरफोजीराजांनी त्यांत यंत्राची भर घातली. त्यांच्या संग्रही वायुपंप आणि विद्युत्‌यंत्र होते, आणि देवनागरी ग्रंथ छापणारा छापखाना त्यांनी १८०५ साली येथे उभारला. पण राजाचे कुतूहल राजवाड्यात राहिले. त्यातून कारखाना निघाला नाही, कारागिरांची परंपरा निर्माण झाली नाही. राज्य गेल्यावर आपण लेखणीवर विसंबलो आणि कचेऱ्यांत मानाने जगलो. याच तमिळनाडूत कोइमतूरच्या लोकांनी ओतशाळा घातल्या, पंप आणि मोटारी घडविल्या आणि आपल्या शहराला पंपांचे शहर बनविले. ज्यांच्या शेजारी आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतो त्या तमिळ बांधवांचे आणि लक्ष्मणरावांचे नाते या दृष्टीने आपल्यापेक्षा जवळचे आहे.

आपली मुले आज अभियांत्रिकीच्या पदव्या घेत आहेत, ही आनंदाची गोष्ट. त्यांतील कोणी पगाराची खुर्ची सोडून स्वतःची कर्मशाळा घालण्याचे मनात आणील तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी काय करावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आम्हांस लक्ष्मणरावांपेक्षा रामूअण्णांच्या वागण्यात सापडते. त्यांनी भावाचा कल पाहिला, खर्च सोसला, सायकली विकल्या, गिऱ्हाइकांना तोल सावरावयास शिकविले आणि अपयशाच्या वर्षांत त्याची साथ सोडली नाही. लक्ष्मणराव घडण्यासाठी त्यांच्या पाठीशी रामूअण्णा असावे लागतात. तेवढे होणे आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती आहे.